वाचकांचे प्रश्न : मेथीची जुडी, दोन कुंड्या आणि दुसरा प्रयत्न

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र शिकवायचे आणि तेही वर्गासमोर एखादी खरी अडचण ठेवून, या समस्याधारित स्टेम पद्धतीबद्दल शिक्षक व पालकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या अंकात देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. बऱ्याच पत्रांत कुंडीत कुंडी ठेवून, मध्ये ओली वाळू भरून केलेला ‘मातीचा फ्रिज’ आला आहे, त्यामुळे उत्तरांतही तो वारंवार भेटेल.

आमच्या शाळेत दरवर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मुले प्रतिकृती करतात : पवनचक्की, ज्वालामुखी, पाणी शुद्धीकरण. यालाच समस्याधारित शिक्षण म्हणायचे का? नसेल, तर ‘समस्या’ निवडायची कशी?
— एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, सिन्नर तालुका

नाही म्हणता येणार. प्रतिकृतीचा शेवट आधीच ठरलेला असतो. मुले कापतात, चिकटवतात, रंगवतात, पण ‘हे घेऊ की ते’ असा निर्णय त्यांना कुठेच करावा लागत नाही. ओळखायची सोपी खूण अशी : पाच गटांना काम दिले आणि पाचही जण एकच वस्तू घेऊन आले, तर तुम्ही कृती दिली होती. तीन-चार वेगळ्या वस्तू आल्या आणि त्यांतल्या दोन तरी खरोखर चालल्या, तर ती समस्या होती.

‘बाष्पीभवनाने थंड राहणारे भांडे तयार करा’ या वाक्यात उत्तर आधीच सांगून टाकले आहे. तेच असे मांडून बघा : ‘आठवडी बाजारात सकाळी ८ वाजता मांडलेली मेथी दुपारी ४ वाजता विकण्याजोगी राहिली पाहिजे. वीज नाही, बर्फ नाही. खर्च १५० रुपयांच्या आत. एका माणसाला उचलून नेता आले पाहिजे.’ यात अडचण कोणाची ते कळते, मोजायला काहीतरी मिळते आणि चार अटी आहेत. अटी दोनपेक्षा कमी असल्या की मुले थेट फ्रिज किंवा ‘सोलर’ सुचवून मोकळी होतात. सहा-सात झाल्या की एकच उत्तर उरते आणि आपण पुन्हा कृतीपाशी येतो.

‘ताजी’ म्हणजे काय, हेही मुलांनाच ठरवू द्या. पाने किती लोंबली याची चित्रे काढून १ ते ५ गुण देता येतील, वजन करता येईल. वजन अधिक भरवशाचे. पालेभाजीतले पाणी तिच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास कमी झाले की ती कोमेजलेली दिसू लागते. म्हणजे २०० ग्रॅमच्या जुडीत १० ग्रॅमचा फरक निर्णायक, आणि तो एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर नीट दिसतो.

वर्गात चर्चा सुरू करण्याआधी मुलांना बाजारात पाठवा. किमान तीन विक्रेत्यांना विचारायचे : दुपारी किती जुड्या उरतात, पाणी किती वेळा शिंपडता, तुमच्या जागेवर ऊन किती वाजता येते. मुलांना कळेल की मावशी आधीपासूनच ओले गोणपाट वापरतात. मग मुलांचे उत्तर त्या गोणपाटापेक्षा सरस ठरले पाहिजे. ही तुलना नसली की कोणतीही वस्तू ‘यशस्वी’ ठरते.

तुमच्या भागात कांदा चाळीत सडतो, ही जोडीला घेण्यासारखी दुसरी समस्या. मेथीला ओलसर हवा लागते, कांद्याला कोरडी आणि खेळती. एका गटाला मेथी, दुसऱ्याला कांदा दिलात, तर बाष्पीभवन एकदा मित्र आणि एकदा शत्रू म्हणून समोर येते. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने (स्थापना १९८३, डॉ. श्री. शं. कलबाग) ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम उभा केला, त्यातही गावाला लागणारी खरी कामे शाळेतून करून देण्यावर भर आहे. समस्या शोधायला गावाबाहेर जावे लागत नाही.

तासिका ३५ मिनिटांची आणि पुढे अभ्यासक्रम उभा. हे बसवायचे कुठे? सामानाची यादी आणि खर्चही सांगावा.
— विज्ञान शिक्षक, जि. बुलढाणा

सात तासिका आणि मोजणीचे दोन दिवस लागतात. तीन आठवड्यांत पसरवा, एका आठवड्यात कोंबू नका.

पहिल्या तासिकेत बाजारातली माहिती फळ्यावर येते आणि अटी ठरतात. दुसरीत कल्पना. तिसरीत मापांसह आकृती आणि एक भाकीत : ‘आमच्या भांड्यात ४ वाजेपर्यंत जुडी अमुक ग्रॅम घटेल.’ भाकीत शाईने लिहून घ्यायचे. चौथीत बांधणी. मोजणीच्या दिवशी तासिका लागत नाही. दर तासाला प्रत्येक गटाचा एक जण उठतो, वजन आणि तापमान लिहितो, दोन मिनिटांत परत येतो. पाचवीत आलेख, घटीची टक्केवारी आणि मग तुमचा पाठ : बाष्पीभवन, अप्रकट उष्मा, आर्द्रता. हा पाठ तुम्हाला एरवीही घ्यायचाच होता, आणि गणिताचे शिक्षक तयार असतील तर टक्केवारीचा भाग त्यांच्या तासाला जाईल. सहावीत दुसरी बांधणी, मग पुन्हा मोजणी, सातवीत सादरीकरण.

वेळ कमी पडला तर सादरीकरण सोडा, दुसरी बांधणी सोडू नका. शाळांमध्ये नेमके उलटे होते. पहिल्या बांधणीत मुले जे माहीत असते ते करतात. आकडे हाती आल्यावर ‘हे का घडले असेल, आता काय बदलू’ असा विचार सुरू होतो, आणि आपल्याला हवी असलेली सर्जनशीलता तिथे दिसते. दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

ठरलेली यादी दिलीत तर समस्या बंद होते. त्याऐवजी सामानाचा एक कोपरा करा : गोणपाट, जुने सुती कापड, वर्तमानपत्रे, केळीची पाने, बांबूच्या टोपल्या, मातीची भांडी, वाळू, थर्माकोलचे जुने खोके, सुतळी. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा, फुकट आणलेल्या वस्तूवरसुद्धा. मग १५० रुपयांची अट खरी होते, नाहीतर मुले कोपरा रिकामा करतात. विकत घ्यायचे ते एवढेच : दोन काटे, चार-पाच अल्कोहोलचे तापमापी (पाऱ्याचे नकोत) आणि मेथी.

इथे हमखास चुकते ते असे. प्रत्येक गट वेगळी जुडी आणतो आणि तुलना बाद होते. एकाच ठिकाणची मेथी आणून सारख्या वजनाचे वाटे करा आणि एक वाटा उघड्यावर, काहीही न करता ठेवा. दुसरे, पाणी शिंपडलेल्या जुडीचे वजन वाढते आणि गट विजयी घोषणा देतो. वजनाआधी पाने कापडाने हलकेच टिपून घ्यायचा नियम सर्वांना एकच हवा. तिसरे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली मेथी वजनात पहिली येते, पण दुसऱ्या दिवशी कुबट वास मारते. हा निकाल लपवू नका. वजनाच्या जोडीला वास आणि डाग हेही मोजायला हवे होते, हे मुलांना त्यातूनच सुचते.

कल्पना विचारल्या की सगळा वर्ग एकच सांगतो. पहिल्या मुलाने ‘मडके’ म्हटले की पुढची चाळीस उत्तरे मडक्याचीच. काय करावे?
— शिक्षिका, खाजगी अनुदानित शाळा, सांगली

तोंडी विचारणे थांबवा. सगळ्यांनी मिळून मोठ्याने कल्पना सांगायच्या, ही पद्धत अमेरिकन जाहिरात व्यावसायिक ॲलेक्स ऑस्बर्न यांनी लोकप्रिय केली. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी ती तपासली, तेव्हा एकेकट्याने विचार करून नंतर एकत्र केलेल्या कल्पना एकत्र बसलेल्या गटापेक्षा जास्त निघाल्या. गटात एक बोलत असतो आणि बाकीचे थांबलेले असतात. पहिली कल्पना मग सर्वांना आपल्याकडे ओढते.

म्हणून आधी आठ मिनिटे शांतता. प्रत्येकाने वहीत किमान सहा कल्पना चित्रांसह काढायच्या. खोडरबर बंद. पहिल्या दोन-तीन सर्वांच्या सारख्याच असतात. चौथ्यानंतर मुले अडतात, पेन चावतात, खिडकीबाहेर बघतात. तिथे मदतीला धावू नका. सहाचा आकडा त्या अडण्यासाठीच ठेवला आहे. मग वह्या उजवीकडे सरकवा आणि शेजाऱ्याच्या एका कल्पनेत एक बदल सुचवायला सांगा. चर्चा त्यानंतर.

दुसरे कारण बहुधा तुमच्या टेबलावर असते : गेल्या वर्षीचा नमुना. जॅनसन आणि स्मिथ यांच्या १९९१ च्या प्रयोगात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना न सांडणारा कॉफीचा कप आखायला दिला होता. स्ट्रॉ वापरायचा नाही, असे स्पष्ट लिहिले होते. तरी ज्यांना स्ट्रॉ असलेला सदोष नमुना दाखवला, त्यांच्या आकृत्यांत स्ट्रॉ पुन्हा आला. नमुना दाखवायचाच असेल तर पहिल्या मोजणीनंतर, आणि एक नको, एकमेकांशी न जुळणारे तीन दाखवा.

तरीही वर्ग अडलाच, तर अट बदला : ‘मातीचे भांडे मिळणार नाही असे समजा.’

आमच्या मुलांनी कुंडीत कुंडी ठेवून मध्ये ओली वाळू भरली. बाहेर ३२ अंश, आत ३०. विदर्भातल्या एका शाळेत म्हणे आठ अंशांचा फरक पडला. मुले हिरमुसली. आमचे काय चुकले?
— विज्ञान शिक्षक, जि. रत्नागिरी

कदाचित काहीच नाही. ओला पृष्ठभाग बाष्पीभवनाने कितीही थंड झाला तरी एका तापमानाखाली जात नाही. त्याला ओल्या फुग्याचे (म्हणजे तापमापीच्या भिजवलेल्या टोकाचे) तापमान म्हणतात, आणि ते हवेतल्या आर्द्रतेवर ठरते. हवा ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ते सुमारे २३ अंश येते. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात जास्तीत जास्त १७ अंशांची घट शक्य आहे. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर ते सुमारे २९ अंश. तुमच्या किनाऱ्यावर तीनच अंश हाताशी होते आणि त्यातले दोन तुमच्या मुलांनी मिळवले. शक्य असलेल्या घटीपैकी त्यांनी दोन-तृतीयांश गाठली. १७ पैकी आठ मिळवणाऱ्यांची निम्मीसुद्धा नाही. भांडे तुमचे सरस आहे, हवा तुमच्या बाजूची नव्हती.

हे मुलांना सांगू नका, मोजायला लावा. दोन तापमापी घ्या. एकाच्या फुग्यावर पांढऱ्या सुती नाडीचा तुकडा गुंडाळून साध्या पाण्याने भिजवा आणि वहीने दोन-तीन मिनिटे सतत वारा घाला. आकडा खाली येऊन स्थिरावला की ते ओल्या फुग्याचे तापमान. दुसरा तापमापी कोरडा. आता भांड्याचा गुण असा काढा : मिळालेली घट भागिले कोरडा-ओला फरक. दहावीच्या ‘उष्णता’ प्रकरणातली सापेक्ष आर्द्रता इथे हातात येते. ताप बघायचा तापमापी चालत नाही, तो साधारण ३५ ते ४२ अंशांतच काम करतो. आणि आधी सगळे तापमापी एका पेल्यातल्या पाण्यात बुडवून आकडे जुळतात का बघा. स्वस्त तापमापींत एखाद्या अंशाचा फरक सहज असतो आणि तुमचा सगळा निकाल दोन अंशांवर उभा आहे.

हा गुण निम्म्याच्या बराच खाली असेल, तर मात्र बांधणी तपासा. बाहेरची कुंडी आतून-बाहेरून कोरी, भाजलेल्या मातीची हवी. तेलरंग किंवा चकाकी असेल तर छिद्रे बुजलेली असतात. सावली आणि वारा दोन्ही हवेत. बंद खोलीत भांड्याभोवतीची हवाच ओलसर होते आणि बाष्पीभवन थांबते. कुंडीच्या तळाचे भोक मातीने बुजवा, नाहीतर पाणी निथळून वरची वाळू कोरडी राहते. तोंडावर ओले गोणपाट हवे. आतली कुंडी सच्छिद्र असली तर आतली हवाही दमट राहते आणि मेथीला ते मानवते. कठीण पाण्याने काही आठवड्यांत बाहेर पांढरा क्षार साचतो, तो काथ्याने घासून काढा.

सर्वात मोठी चूक घाईची. बाहेरची कुंडी ३० सेंमी तोंडाची, आतली २० सेंमीची, उंची २५ सेंमी धरली, तर मध्ये साधारण १५ किलो वाळू आणि तीन-चार लिटर पाणी बसते. एवढे सगळे १० अंशांनी थंड व्हायला सुमारे १२० ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते, आणि बाहेरून सतत आत येणारी उष्णता यात धरलेलीच नाही. हे अर्ध्या तासात होत नाही. आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवा. वाळूचा थर कमी केला तर काय होईल, हा दुसऱ्या बांधणीसाठी चांगला प्रश्न आहे : लवकर थंड होते, पण पाणी वारंवार घालावे लागते.

आणि समस्याच बदलून बघा. तुमच्याकडे खरा त्रास वाळवण्याचा आहे. मे महिन्याच्या अखेरीस वळवाची सर आली की आमसुले बुरशीला जातात. ‘आकाश ढगाळ असतानाही कोकमची साले तीन दिवसांत वाळली पाहिजेत, माशी बसता कामा नये, झाकण एका हाताने लावता आले पाहिजे’ ही समस्या रत्नागिरीची आहे. मातीचा फ्रिज विदर्भ-मराठवाड्याला राहू द्या.

सर्जनशीलतेला गुण कसे द्यायचे? मुख्याध्यापक नोंद मागतात आणि पालक विचारतात, माझ्या मुलाला कमी का.
— शिक्षक, जि. सातारा

आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनात ‘प्रकल्प’ आणि ‘उपक्रम/कृती’ ही साधने आहेतच, नोंद तिथे बसते. प्रश्न आहे तो काय बघायचे याचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ई. पॉल टॉरन्स यांच्या सर्जनशीलतेच्या १९६६ पासूनच्या चाचण्यांत चार गोष्टी बघितल्या जात : कल्पना किती सुचल्या, किती वेगवेगळ्या प्रकारच्या सुचल्या, किती दुर्मीळ आहेत आणि किती तपशिलात नेल्या. शाळेसाठी यांतल्या मधल्या दोन पुरेशा आहेत. नुसती संख्या मोजलीत तर मुले ‘लाल मडके, निळे मडके’ लिहून पान भरतात.

वीस गुण असे विभागता येतील. कल्पनांचे प्रकार : ४. ‘सावली देणे’, ‘ओले ठेवणे’, ‘वारा अडवणे’, ‘पाने कमी उघडी ठेवणे’, ‘कमी-कमी आणून विकणे’ हे पाच प्रकार झाले. यातल्या शेवटच्याला उपकरणच लागत नाही आणि तो बाद करू नका. दुर्मीळता : ३. चाळीस वह्यांत दोघा-तिघांनाच सुचलेली आणि अटींत बसणारी कल्पना असेल तर पूर्ण गुण. मंगळावरून बर्फ आणणे दुर्मीळ आहे, अटींत बसत नाही. मोजणी : ५, त्यात तुलनेचा उघडा वाटा नसेल तर दोनच्या वर देऊ नका. दुसरी बांधणी : ६, म्हणजे काय बदलले, कोणत्या आकड्यावरून बदलले आणि भाकीत काय होते. तोंडी प्रश्न : २. गटातल्या प्रत्येकाला वेगळे बोलावून विचारा, ‘वाळूऐवजी लाकडाचा भुसा घातला तर?’ काम कोणी केले ते दोन मिनिटांत कळते.

नीटनेटकेपणाला गुण ठेवलेले नाहीत, ते मुद्दाम. चकचकीत कागद आणि दिव्यांची माळ यांना गुण मिळू लागले की प्रकल्प पालक करतात. भांडे चालले नाही म्हणून गुण कापू नका. पण का चालले नाही हे वहीत नसेल तर जरूर कापा. पालकांना वहीच दाखवावी, वाद तिथेच मिटतात.

गटात एकच मुलगा सगळे करतो. मुली नोंदी लिहीत बसतात.
— शिक्षिका, जि. जालना

गट चारचाच करा. सहाच्या गटात दोघे प्रेक्षक असतात. कामे चार : बांधणी, मोजणी, नोंद, सामान-हिशेब. दर तासिकेला काम बदलायचे आणि वहीच्या समासात ते लिहायचे. सलग दोनदा नोंद कोणाकडेही जाणार नाही, एवढा एक नियम कडक पाळा. करवत, कात्री, काटा यांचे प्रत्येकी दोन नग ठेवा. एकच नग असला की तो वर्गातल्या सर्वात दांडग्या हातात जातो.

आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली, मुलांनी वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) आहे. मुलांनी आर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) स्वयंचलित पाणी देणारी कुंडी केली. सगळ्या गटांचे प्रोग्रॅम व्हिडिओतून जसेच्या तसे उतरवलेले. तीन आठवड्यांत सेन्सर बिघडला, पंप सुरू झाला की बोर्ड आपोआप पुन्हा चालू होतो. पुढे काय करावे?
— प्रयोगशाळा प्रभारी शिक्षक, जि. सोलापूर

आधी बिघाड. दोन दांड्यांचा स्वस्त ओलावा-सेन्सर मातीतून एकाच दिशेने वीज सोडतो. विद्युत-अपघटनाने एक दांडी अक्षरशः खाल्ली जाते. त्याला कायम ५ व्होल्टवर जोडू नका. डिजिटल पिनवरून वीज द्या, वाचनापुरती क्षणभर चालू करा, अर्ध्या तासाने पुन्हा. किंवा धारकतेवर चालणारा, धातू झाकलेला सेन्सर घ्या.

पंप सुरू होताना छोटी मोटरसुद्धा क्षणभर बराच जास्त प्रवाह ओढते. तो बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनमधून घेतला की व्होल्टेज कोसळते आणि बोर्ड नव्याने सुरू होतो. पंपाला वेगळा वीजपुरवठा द्या. ट्रान्झिस्टरने चालवत असाल तर दोन्ही पुरवठ्यांची ऋण टोके जोडा आणि मोटरला उलटा डायोड लावा. पंप टकटक चालू-बंद होत असेल तर प्रोग्रॅममध्ये मर्यादा एकच आहे. दोन ठेवा : एका आकड्याला चालू, त्याहून बऱ्याच ओल्या आकड्याला बंद.

सेन्सरवरून बोर्ड वाचतो तो ० ते १०२३ हा आकडा म्हणजे ओलाव्याची टक्केवारी नव्हे, आणि उतरवलेला प्रोग्रॅम इथेच उघडा पडतो. ५०० ग्रॅम उन्हात वाळवलेली माती घ्या, दर वेळी ५० मिली पाणी घालून कालवा, दहा मिनिटे थांबा, आकडा लिहा, आलेख काढा. व्हिडिओतली मर्यादा तुमच्या मातीला लागू नाही हे समोर येईल. सोलापूरच्या काळ्या मातीत आणखी एक गंमत आहे. ती सुकताना आकसते, दांडीभोवती फट पडते, आणि खाली ओल असूनही सेन्सर ‘कोरडे’ सांगतो.

आता समस्येकडे. ‘स्वयंचलित कुंडी करा’ ही कृतीच आहे, फक्त तारा जास्त. असे मांडा : ‘दिवाळीच्या सुट्टीत शाळेला दहा दिवस कुलूप. वीस कुंड्या जगल्या पाहिजेत. मेन स्विच बंद. खर्च २०० रुपये.’ मग सुती वात येते, मातीत पुरलेले मडके येते, सलाईनचा संच येतो. (संच औषधाच्या दुकानातून नवा आणायचा, दवाखान्यातला वापरलेला चुकूनही नाही.) सर्वसाधारण संचात २० थेंबांचा १ मिली होतो. मिनिटाला पाच थेंब म्हणजे तासाला १५ मिली, एक लिटरची बाटली ६६ तास पुरते. मग दहा दिवस कसे काढायचे, यावर गट बसतात. बाटलीला हवेचे छिद्र नसेल तर थेंब बंद पडतात. पाण्याची पातळी उतरली की वेग मंदावतो, शेवाळाने नळी तुंबते. या तिन्ही अडचणींवर मुले तीन वेगळ्या वाटा काढतात. आर्डुइनो वापरायचाच असेल तर कोणती पद्धत माती किती ओली ठेवते हे मोजायला वापरा.

माझा मुलगा आठवीत आहे. ‘स्वतः शोधा’ या नावाखाली शिकवायचेच टाळले जाते असे वाटते. दहावीला याचा तोटा होणार नाही का?
— एक पालक, ठाणे

तुमची शंका रास्त आहे. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये हेच मांडले : नवख्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाशिवाय सोडले तर त्याची सगळी शक्ती चाचपडण्यात जाते. दुसऱ्या बाजूला शिक्षण-संशोधक मनू कपूर यांनी सिंगापूरच्या शाळांत मुलांना आधी अवघड गणिताशी झगडू दिले आणि मग व्यवस्थित शिकवले. ही मुले नेहमीच्या उदाहरणांत मागे पडली नाहीत आणि संकल्पना समजण्यात पुढे गेली. त्यांतल्या ‘मग व्यवस्थित शिकवले’ या भागाकडे अनेक शाळा काणाडोळा करतात.

शाळेला दोन गोष्टी विचारा. मुलांच्या पहिल्या प्रयत्नानंतर शिक्षक फळ्यावर तो धडा घेतात का? आणि वहीत पहिल्या व दुसऱ्या प्रयत्नाचे आकडे वेगळे आहेत का? दोन्हीला ‘हो’ असेल तर काळजी नको. ‘मुले आपापली शिकतात’ असे उत्तर आले, तर तो धडा घरी घ्यावा लागेल. आणि वर्षभर सगळेच विषय या पद्धतीने शिकवू नयेत, असे आमचेही मत आहे. एका सत्रात दोन समस्या भरपूर झाल्या. सूत्रे, संज्ञा, एकके सरळ शिकवावीत.

चौथीच्या वर्गासाठी एका तासिकेत होईल असे काही?
— शिक्षिका, महानगरपालिका शाळा, पुणे

कागदाचा पूल. दोन सारख्या उंचीचे पुस्तकांचे ढीग, मध्ये २० सेंमी अंतर, एक ए-फोर कागद (साधारण ५ ग्रॅम), गोंद नाही, चिकटपट्टी नाही. मध्यभागी किती वॉशर पेलतात ते मोजायचे. सपाट कागद स्वतःच्याच वजनाने वाकतो. एखादे मूल कडा दुमडते, एखादा पंख्यासारख्या घड्या घालतो, एखादी सुरळी करते. नाणी वापरणार असाल तर एकाच प्रकारची निवडा, जुन्या-नव्या एक रुपयांची वजने वेगळी आहेत. वॉशर हळूच ठेवायचे, वरून टाकायचे नाहीत. पंख्याच्या घड्यांचा पूल बहुधा मोडत नाही, तर घड्या बाजूला पसरून सपाट होतो. ते मुलांना दिसू द्या आणि दुसरा कागद द्या. घड्या पसरू नयेत म्हणून काय करता येईल, हे तेच शोधतील. त्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवा.